कोन्सेसाची नळी

कोन्सेसा लहान होती तेव्हा आईने तिला झऱ्यावर पाणी आणायला पाठवलं आणि दिवस कलला तरी ती परतली नाही. शोधायला गेलेल्या भावाला ती झऱ्याच्या वरच्या अंगाला सापडली. पालथी पडलेली, दगडांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातलेला.

"काय करतेस गं?"

"पाणी कुठून निघतं ते बघतेय."

"मग, सापडलं?"

"अजून आत आहे."

पाणी भरायचा भोपळा रिकामाच घेऊन घरी आली आणि मार खाल्ला. न्याकिरेरा टेकडीवर ही गोष्ट अजून सांगतात. तिच्या लग्नात तर तिच्या चुलत्याने ती भर मांडवात सांगितली आणि नवरदेवाला, निकोदेमला, म्हणाला, "जावईबापू, तुमच्या खिशात काय आहे हे ही विचारणार नाही. हात घालून बघेल."

निकोदेम हसला. हसरा गडी होता तो, लांब पायांचा, डोक्यावर कायम एक तपकिरी लोकरी टोपी. कोन्सेसाच्या हजार प्रश्नांना तो एकच उत्तर द्यायचा, "बघून ये आणि मला सांग."

आमच्याकडे ज्वारीची बिअर दोन हातांनी होते. एक हात अंकुरांचा, एक हात चुलीचा. ज्वारी राख लावून भिजवायची, केळीच्या पानांत झाकून ठेवायची, पांढरी मुळं फुटली की उन्हात वाळवायची. त्याला हात लागतो, आणि तो हात शिकवून येत नाही. तो हात कोन्सेसाच्या मैत्रिणीचा, मेनेदोरचा होता. तिने झाकलेली ज्वारी अशी फुटायची की पानं उचलली तर खाली पांढरी लोकर विणून ठेवल्यासारखी दिसावी. मग ते दळून उकळायचं, निववायचं, पुन्हा पीठ घालून आंबवायचं, ते सगळं कोन्सेसाचं. बाजाराच्या दिवशी टेकडी आणि डांबरी रस्ता जिथे भेटतात त्या चौफुल्यावर दोघी एका घड्यापाशी बसायच्या. लोक यायचे, आपापली बोरूची नळी घड्यात सोडायचे, ओढायचे, बोलायचे, भांडायचे, सोयरिकी जुळवायचे. पहिला घोट मात्र कोन्सेसा घ्यायची, सगळ्यांच्या देखत. ज्याने बिअर केली त्याने आधी प्यायची, म्हणजे पाहुण्याला कळतं की यात काही कालवलेलं नाही. ही रीत आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो.

मग ती वर्षं आली. त्यांच्याबद्दल आमच्याकडे कोणी लांबण लावत नाही. मेनेदोरचं घर जळलं, तिचा भाऊ गेला, आणि ती तिच्या माणसांबरोबर खाली डांबरी रस्त्याच्या कडेला, शिपायांच्या पहाऱ्यातल्या छावणीत राहायला गेली. कोन्सेसा आणि तिची माणसं टेकडीवरच राहिली, शिपाई दिसले की केळीच्या बागांत लपत. बाहेरचे लोक हुतू आणि तुत्सी म्हणतात. आम्ही एकमेकांत तेही शब्द म्हणणं सोडलं. टेकडीवाले आणि छावणीवाले, एवढंच म्हणायचो. त्यातच सगळं यायचं.

त्या वर्षांत एके सकाळी घरातलं मीठ संपलं, म्हणून निकोदेम खाली रस्त्यावर गेला आणि परत आला नाही.

झऱ्यात हात घालणाऱ्या बाईने हे मात्र कोणाला विचारलं नाही. विचारायचं कोणाला? ज्यांनी पाहिलं असेल ते छावणीत राहात होते. छावणीत जाऊन 'माझा नवरा कुठे गेला' म्हणणं म्हणजे 'तुम्ही त्याचं काय केलंत' म्हणणं. असा प्रश्न आमच्याकडे फक्त एका घड्याशी बसून विचारता येतो. दोघांच्या नळ्या एकाच बिअरमध्ये असतील तरच त्याला आरोपाचा वास येत नाही. आणि घडा नव्हता, कारण बाजार नव्हता. चौफुल्यावर गुडघ्याएवढं गवत वाढलं होतं आणि शेळ्या चरत होत्या. कोन्सेसा रोज सकाळी अंगणातून त्या गवताकडे बघायची. तो बाजार पुन्हा भरायला हवा होता, एवढंच तिला देवाकडे मागायचं होतं.

तहाची बातमी टेकडीवर आली ती सालव्हातोरच्या रेडिओतून. सालव्हातोर म्हणजे कॉफीवाला, टेकडीवर त्याच्याइतकी झाडं कोणाची नाहीत, आणि त्याच्या आवाजाला रेडिओ लागतच नाही. तहावर सह्या झाल्यावरही बंदुका काही वर्षं चालूच राहिल्या. मग एकदाच्या थांबल्या. सगळं वाटून घ्यायचं ठरलं होतं. मंत्री इतके यांचे, इतके त्यांचे. फौज निम्मी निम्मी.

"काका," कोन्सेसाने विचारलं, "फौज निम्मी निम्मी म्हणजे कसं? एका बंदुकीला दोघं धरतात का?"

"गप गं."

"नाही, म्हणजे चाप कोण ओढणार?"

लोक हसले. पण सालव्हातोर हसला नाही. त्यालाही तेच कळत नव्हतं.

पुढे तालुक्याच्या कचेरीने चौफुल्याच्या बाजारासाठी कमिटी नेमली. अध्यक्ष टेकडीचा, सालव्हातोर. उपाध्यक्ष छावणीचा, ओनेझिम. हा ओनेझिम शिंपी. घर पेटलं तेव्हा बायकोमुलांना पुढे घालून स्वतः शिवणयंत्र डोक्यावर घेऊन छावणीपर्यंत पळत गेलेला माणूस. दोघांची संमती असल्याशिवाय काहीही ठरायचं नाही, असा नियम. आणि दोघं एकमेकांना असं ओळखून होते की एकाने 'सकाळ झाली' म्हटलं तर दुसऱ्याने आधी बाहेर जाऊन बघावं.

सालव्हातोर म्हणाला बाजार मंगळवारी. ओनेझिम म्हणाला शुक्रवारी. सालव्हातोरला चौफुल्याची वरची बाजू हवी होती, ओनेझिमला रस्त्याकडची. शेवटी कचेरीच्या माणसाने, बिचारा घामाघूम झालेला, सगळ्याचे समसमान भाग पाडले. चौफुल्याच्या मधोमध दोर बांधायचा, वर टेकडीवाले, खाली छावणीवाले. आणि सभेला बिअरचे घडेही दोन. सारख्या आकाराचे. एक कोन्सेसाचा, एक मेनेदोरचा. ज्याने त्याने आपल्या बाजूच्या घड्यातून प्यायचं.

कोणालाही हे वावगं वाटलं नाही, हे सांगायला हवं. वाटणी बरोबर झाली होती. टेकडीवरची म्हातारी माणसं, जी आयुष्यभर म्हणत आली की एका घड्यातून प्यायल्याशिवाय ठरलेलं ठरत नाही, तीही आपल्या घड्यापाशी बसली आणि मान डोलावत प्यायली. दोन्हीकडे घुटके घेतले गेले, दोन्हीकडून टाळ्या वाजल्या आणि बाजार उघडला.

टेकडीवाल्यांनी वर केळी मांडली, घेवडा मांडला, कसावाच्या कंदाचं पीठ मांडलं. छावणीवाले रस्त्यावर राहणारे, त्यांच्याकडे मीठ, साबण, रॉकेल. त्यांनी ते खाली मांडलं. दोराच्या वर केळी केळ्यांकडे बघत बसली. दोराच्या खाली साबण साबणाकडे बघत बसला. दोर ओलांडायला मनाई कोणी केली नव्हती. पण ओलांडला कोणीच नाही. ऊन तापलं तशी माणसं आपला माल डोक्यावर घेऊन आली त्या वाटेने परत गेली.

"कसा झाला बाजार?" घरी राहिलेल्या सासूने विचारलं.

"अगदी बरोबर झाला," कोन्सेसा म्हणाली. "कोणाचं काही विकलं नाही."

दोर कुठे सरकवायचा यावर पुन्हा सभा बसली. पुन्हा दोन घडे. या वेळी कोन्सेसाचं लक्ष सभेत नव्हतं. तिने आपल्या घड्यातला पहिला घोट घेतला आणि तिला स्वतःच्या बिअरची लाज वाटली. चुलीचं काम नेहमीचंच होतं, पण अंकुर तिचे स्वतःचे होते, खुरटे, अर्धेमुर्धे फुटलेले, आणि जिभेवर कोंड्याची चव राहात होती. मेनेदोरचे अंकुर नव्हते ना. मग तिच्या मनात आलं, तिकडे त्या घड्यात अंकुर मेनेदोरचे आहेत. पण उकळलं कोणी? मेनेदोरला तर पाणी तापलं की नाही हे बोट भाजल्याशिवाय कळत नाही. तिची बिअर लागत तरी कशी असेल?

अध्यक्ष बोलत होता, उपाध्यक्ष मान हलवत होता. कोन्सेसा उठली. आपली नळी घड्यातून काढली, झटकली, आणि दोर ओलांडून खालच्या अंगाला, छावणीच्या घड्यापाशी जाऊन बसली. सगळं इतकं सावकाश आणि साधेपणाने की तिला कोणी अडवायच्या आत तिची नळी आत होती.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

कोन्सेसाने डोळे मिटले. घोट तोंडात फिरवला. गिळला. आणि तोंड वाकडं केलं.

"आई गं! मेनेदोर, ही उकळली कधी? पाण्याला नुसती चूल दाखवलीस की काय?"

मेनेदोर घड्याच्या पलीकडे बसली होती. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. मेनेदोरचा एक दात पडला होता. कोन्सेसाचे केस पांढरे झाले होते.

"तुझ्या घड्याचा वास तर इथवर येतोय," मेनेदोर म्हणाली. "कुजवलेत अंकुर. कोंबड्याही तोंड लावणार नाहीत."

"चाखून तर बघ आधी."

"कशाला? मरायचंय का मला?"

असा शब्द आमच्याकडे गमतीत म्हणत नाहीत. निदान त्या दिवसांत तरी नाही. पण मेनेदोरचं बोलून झाल्यावर तिचं तिलाच हसू फुटलं, पडलेल्या दाताच्या फटीतून, शिट्टी वाजल्यासारखं. ती उठली, दोर ओलांडला, कोन्सेसाच्या घड्यात नळी घातली आणि एक घोट घेऊन थू केलं.

"आहेच कुजकी!"

मग दोन्हीकडच्या बाया ओरडायला लागल्या. टेकडीवाल्या म्हणाल्या आमची बिअर चांगली. छावणीवाल्या म्हणाल्या आमची. आता कोणती चांगली हे सांगायला दोन्हीकडची चाखावी लागते. इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे. दोराला पाय अडकून एक म्हातारा पडला आणि त्याला उचलायला जे दोघे धावले त्यातला एक वरचा आणि एक खालचा होता. शेवटी एकच गोष्ट सगळ्यांना पटली. दोन्ही बिअर वाईट होत्या.

कचेरीच्या माणसाने संधी साधली. पुढच्या सभेला एकच घडा, अंकुर मेनेदोरचे आणि चूल कोन्सेसाची. सालव्हातोरने ओनेझिमकडे पाहिलं, ओनेझिमने सालव्हातोरकडे, आणि दोघांनाही नकाराचं कारण पटकन सापडलं नाही.

पण दोन्हीकडच्या माणसांना पुरेल एवढा रांजण कोणाकडेच उरला नव्हता. जुने सगळे त्या वर्षांत फुटले होते. म्हणून दोघी खाली दलदलीकाठी गेल्या, बुचुमीकडे.

बुचुमी कुंभारीण, त्वा जातीची. त्वा म्हणजे आमच्या देशातली तिसरी माणसं, मूठभर. ती ना टेकडीवाली ना छावणीवाली. भांडण पेटलं तेव्हा दोन्ही बाजूंनी तिचं खोपटं मोडलं होतं आणि दोन्ही बाजूंना घडे तीच पुरवत होती. उंचीने लहान, हातांना कोपरापर्यंत करडी माती. तिने दोघींना बसा म्हटलं नाही, कारण त्या बसणार नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"मोठा रांजण होईल," ती म्हणाली. "माती आहे. भाजायला निलगिरीची सालं तुम्ही आणायची."

"आणि तुला काय देऊ? घेवडा? केळी?"

बुचुमीने हातावरची माती खरवडली. "एक नळी."

"नळी? घे की, नदीकाठ भरलाय बोरूने."

"नळी माझ्याकडे आहे, बाई. मला ती घालायला जागा हवी. सभेत. तुमच्या बरोबर." मग म्हणाली, "रेडिओवर ऐकलं मी. राजधानीत, बुजुम्बुरात, मोठ्या सभेत आमच्याही तिघांना खुर्ची दिलीय म्हणे. खुर्ची नको मला. रांजण माझा असणार, तर चव काय आहे ते कळू दे."

कोन्सेसा हो म्हणून गेली. परत चढणीला लागल्यावर मेनेदोर म्हणाली, "तू वेडी आहेस." कारण त्वा माणसाने तोंड लावलेल्या घड्यातून आमच्यातलं कोणी पीत नाही. ना वरचे ना खालचे. तेही आम्ही आईच्या दुधाबरोबरच शिकतो. कोन्सेसा चालता चालता थबकली. जन्मभर बुचुमीच्या, तिच्या आईच्या, तिच्या आजीच्या घड्यांतून ती बिअर प्यायली होती. पाणी कुठून येतं हे जिला बघायचं होतं, तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं की हे घडे करणारी माणसं पितात कशातून.

सभेच्या दिवशी रांजण चौफुल्याच्या मधोमध ठेवला, जिथे दोर होता तिथेच. मेनेदोरचे अंकुर, कोन्सेसाची चूल. फेस काठापर्यंत आला होता आणि वास असा की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जुने बाजार तरळले. माणसं गोल करून बसली. इतक्यात बुचुमी आली. नवं कापड नेसून, हातात ताजी कापलेली हिरवी नळी.

"ही कशाला?" सालव्हातोर म्हणाला.

"हिला कोणी बोलावलं?" ओनेझिम त्याच दमात म्हणाला.

"हिची नळी आत गेली तर मी पिणार नाही."

"मी पण नाही."

कोन्सेसा दोघांकडे बघतच राहिली. मंगळवार-शुक्रवारवर, वरच्या-खालच्या बाजूवर, दोराच्या गाठीवरसुद्धा ज्यांचं कधी जमलं नव्हतं, ती दोन माणसं जुन्या जोडीच्या बैलांसारखी एका पावलाने चालत होती. मागे बसलेल्यांनीही दोन्हीकडून मान डोलावली. अशी एकी न्याकिरेराने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"बघा गं," कोन्सेसा हळूच म्हणाली, "जमतं की यांचं."

बुचुमी रागावली नाही. तिने नळी कमरेला खोचली. "बरं. बिअर तुमची आहे, तुम्ही ठेवा. माझा रांजण मला द्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्यांना कळलं की ती थट्टा करत नाहीये. ती रांजणाच्या कडेला हात लावून उभी होती. रांजण गेला तर बिअर मातीत. बिअर मातीत गेली तर सभा मोडली, आणि सभा मोडली तर चौफुल्यावर पुन्हा गवत आणि शेळ्या. हे सगळं कोन्सेसाला एका नजरेत दिसलं. गोलाच्या पलीकडे मेनेदोर बसली होती, आणि तिच्या मागे खाली डांबरी रस्ता दिसत होता, जिथे निकोदेम मीठ आणायला गेला होता.

पहिला घोट तिचाच होता. ती रीत अजून कोणी मोडली नव्हती. कोन्सेसा पुढे झाली, आपली नळी रांजणात सोडली, सगळ्यांच्या देखत प्यायली. मग नळी तशीच धरून, तिचं ओलं टोक बुचुमीकडे केलं.

"तुझी नको," ती म्हणाली. "माझीच घे. चव सांग."

बुचुमीने तिच्याकडे पाहिलं, वाकली, आणि प्यायली. मग कोन्सेसाने तीच नळी परत घेतली आणि पुन्हा एक घोट ओढला.

"आता मीही बाटले," ती म्हणाली. "मला उठवायचं तर उठवा. पण मग चूल कोणाची, ते आधी ठरवा."

"बोल ना," मेनेदोर बुचुमीला म्हणाली. "कशी झालीय?"

"अंकुर झकास," बुचुमी म्हणाली. "जाळ थोडा जास्त झालाय."

"जास्त?" कोन्सेसा म्हणाली.

"ऐकलंस!" मेनेदोर मांडीवर थाप मारून ओरडली. "मी सांगत होते! सर बाजूला, मला बघू दे." आणि तिने स्वतःची नळी आत सोडली.

काही माणसं उठून गेली, हे लपवत नाही. बहुतेक बसली. सालव्हातोर उभाच होता. "मी अध्यक्ष म्हणून..."

"अध्यक्ष म्हणून नको, काका. तहान लागली असेल तर बसा."

"तो बसला तर मी बसेन," ओनेझिम म्हणाला.

"आधी तो बसू दे," सालव्हातोर म्हणाला.

दोघं एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत, जड पेटी खाली ठेवणाऱ्या हमालांसारखे, एकदमच बसले. त्यांच्या नळ्या रांजणाच्या दोन टोकांना होत्या, बुचुमीपासून जितक्या लांब जमतील तितक्या. पण बिअर आतून एकच होती. दोर काढायचं ठरलं. वार ठरला नाही, म्हणून बाजार पुढे दोन्ही दिवशी भरू लागला, आणि आजही आमचा बाजार आठवड्यात दोनदा भरतो. बाहेरचे लोक त्याला आमची हौस समजतात.

पहिल्या खऱ्या बाजाराच्या दिवशी तो दोर एका बाईने बकरी बांधायला नेला. केळ्यांच्या शेजारी मीठ आलं. बुचुमी आपले घडे मांडून रांजणाच्या सावलीला बसली. कोणी अजूनही घरून आपला पेला आणून लांब उभं राहून प्यायचं. बुचुमी त्याला पेला काठोकाठ भरून द्यायची आणि काही बोलायची नाही.

ऊन उतरल्यावर गर्दी ओसरली. कोन्सेसा आणि मेनेदोर दोन नळ्या टाकून बसल्या होत्या. शेवटी कोन्सेसाने नळी तोंडातून काढली.

"मेनेदोर. निकोदेम मीठ आणायला गेला होता."

मेनेदोर नळीशी खेळत राहिली. "मला वाटलं तू कधीच विचारणार नाहीस," ती म्हणाली. "अख्ख्या जगाला विचारत फिरतेस आणि हे मात्र नाही."

"डोक्यावर टोपी होती?"

"होती. तपकिरी." तिने रस्त्याच्या वळणाकडे हनुवटी केली. "पुलाच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आणायला गेलो तेव्हा दिसला. कोणी केलं ते पाहिलं नाही, ते मला विचारू नकोस. मी आणि ओनेझिमच्या बायकोने त्याला पुरलं. जंगली अंजिराचं झाड आहे तिथे. उघड्यावर नाही ठेवला त्याला."

कोन्सेसा त्या वळणाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "अंजीर फळतं का?"

"चल," मेनेदोर म्हणाली. "बघून ये."

दोघी उठल्या. कोन्सेसाने रांजणावर केळीचं पान झाकलं, आपली नळी आतच राहू दिली आणि बुचुमीला म्हणाली, "जरा बघशील गं? आलेच."

"जा," बुचुमी म्हणाली. "मी आहे."